माकडाचा मेंदू संगणकात मावला का?

मेंदूविषयी शाळेत बोलायला गेलो की प्रश्नोत्तरांच्या वेळी संगणकाचा विषय हमखास निघतो. मध्यंतरी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, शास्त्रज्ञांनी संगणकात माकडाचा मेंदू तयार केलाय असं मी वाचलं. मग ते माकड आता काय करतं?"

वर्ग हसला. मला मात्र वाटले, इतका नेमका प्रश्न तर या विषयावरच्या बातम्या लिहिणाऱ्यांनाही सुचलेला नाही. बातम्यांमध्ये पेशी किती, प्रोसेसर किती, यंत्र किती मोठे याचीच चर्चा असते. ते सगळे मिळून करते काय, हे कोणी सांगत नाही. त्या मुलीला वर्गात मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख. माकडाच्या मेंदूचे एक व्यवस्था म्हणून प्रारूप, म्हणजे मॉडेल, बनवण्याचे जे ठळक प्रयत्न गेल्या तीसपस्तीस वर्षांत झाले, ते आपण एकेक करून तपासू.

माकडच का?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. ऱ्हीसस जातीच्या, म्हणजे उत्तर भारतात सर्रास दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्या मेंदूत त्या सुमारे ६४० कोटी आहेत. आकार लहान, पण रचनेचा आराखडा आपल्या मेंदूशी बराच जुळणारा. पाहणे, हात नेमका पुढे नेणे, चेहरे ओळखणे ही कामे माकड आपल्यासारखीच करते.

दुसरे कारण जरा कठोर आहे. मेंदूच्या एका भागातून निघालेले धागे कुठे जातात हे खात्रीने शोधायचे तर त्या भागात एक विशिष्ट रसायन टोचावे लागते. पेशी ते शोषून घेतात आणि ते धाग्यांमधून लांबवर वाहत जाते. काही दिवसांनी प्राण्याला मारून मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. माणसावर हे करता येत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतले धागे एम.आर.आय. यंत्राने पाहता येतात, पण ती प्रतिमा धूसर असते, आणि धागा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो की उलट, हे ती सांगू शकत नाही. म्हणून आपल्या मेंदूतल्या जोडणीविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातले पुष्कळसे माकडाच्या आधाराने बोलतो.

एक काळ असा होता की परदेशी प्रयोगशाळांना ही माकडे भारतातूनच मोठ्या संख्येने जात. १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. पुढे ज्या नकाशांविषयी वाचायचे आहे, त्यातल्या रेघांमागे अशा प्राण्यांचा जीव आहे, हे लक्षात असू द्यावे.

रेघांचा नकाशा

या विषयातला पहिला मोठा टप्पा १९९१ सालचा. डॅनियल फेलेमन आणि डेव्हिड व्हॅन एसेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तोवर प्रसिद्ध झालेले शोधनिबंध चाळून माकडाच्या दृष्टीशी संबंधित भागांचा एक तक्ता तयार केला. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात त्यांनी पाहण्याशी निगडित ३२ क्षेत्रे मोजली, आणि त्यांच्यामधल्या ३०५ जोडण्या नोंदवल्या. धागा पुढच्या क्षेत्राच्या कोणत्या थरात संपतो, यावरून तो 'खालून वर' जाणारा की 'वरून खाली' येणारा हे ठरवायचे, असा त्यांचा नियम होता. त्या नियमाने त्यांनी क्षेत्रांची दहा पातळ्यांची उतरंड रचली. डोळ्याकडून येणारी माहिती तळाशी शिरते आणि पायरीपायरीने वर चढते, असे ते चित्र. मेंदूविज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांत ते छापले गेले.

पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, क्लॉस हिल्गेटाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधे पण मर्मावर बोट ठेवणारे काम केले. हेच नियम त्यांनी संगणकाला दिले आणि सर्वांत चांगली उतरंड शोधायला सांगितले. संगणकाला सारख्याच चांगल्या अशा दीड लाखाहून अधिक उतरंडी सापडल्या! म्हणजे पुस्तकातले चित्र चूक नव्हते, पण ते एकमेव मुळीच नव्हते. आपल्याजवळची माहिती किती तोकडी आहे हे इथे संगणकाने दाखवून दिले. माझ्या मते संगणकाचा याहून प्रामाणिक उपयोग शोधून सापडायचा नाही.

१९९० च्या दशकातच रॉल्फ क्यॉटर आणि सहकाऱ्यांनी 'कोकोमॅक' नावाचे माहितीचे भांडार उभारायला घेतले. माकडाच्या मेंदूतल्या जोडण्यांविषयीचे शेकडो विखुरलेले निबंध त्यात एकत्र नोंदवले गेले. २०१० मध्ये आय.बी.एम. कंपनीतले धर्मेंद्र मोधा (हे मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर) आणि राघवेंद्र सिंग यांनी त्या भांडारातून ३८३ भाग आणि ६,६०२ लांब पल्ल्याच्या जोडण्या यांचे एक जाळे तयार केले. एकाच भागाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दिलेली वेगवेगळी नावे जुळवणे हे किचकट काम त्यांनी केले. या जाळ्याच्या गाभ्यात कपाळामागचा भाग ठळकपणे येतो, तो माहिती गोळा करणारा आणि वाटणारा असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

काम मोलाचे आहे. पण या नकाशाची मर्यादा समजून घेण्यासाठी एस.टी.चा नकाशा डोळ्यासमोर आणा. पुणे आणि नाशिक यांच्यामध्ये एक रेघ आहे. तालुक्याचे गाव आणि डोंगरातली एक वाडी यांच्यामध्येही एक रेघ आहे. पहिल्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांची रीघ, तर दुसऱ्यावर रात्री मुक्कामाला येणारी एकच गाडी. कागदावर मात्र दोन्ही रेघा सारख्याच! असा नकाशा पाहून वाहतूक कशी चालते हे सांगायला गेलो तर आपली फसगत होणार.

मेंदूत ही तफावत किती आहे? फ्रान्समधल्या लिऑन येथील हेन्री केनेडी यांच्या गटाने २०१४ मध्ये या जोडण्यांची जाडी मोजून प्रसिद्ध केली. सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ जोडणीत लाखपटीचे अंतर निघाले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांना सापडलेल्या १,६१५ जोडण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडण्या आधी कोणीच नोंदवल्या नव्हत्या. आणि एवढे करून त्यांनी ९१ क्षेत्रांपैकी २९ क्षेत्रांतच रसायन टोचले होते. नकाशा अजून अपुरा आहे, हा याचा सरळ अर्थ.

आकड्यांची आतषबाजी

नकाशा हाती आला की त्यावर गाड्या धावायला लावण्याचा मोह होतोच. नोव्हेंबर २००९ मध्ये मोधा यांच्या गटाने १६० कोटी कृत्रिम पेशी आणि त्यांच्यातले ८ लाख ८७ हजार कोटी सांधे यांचे जाळे महासंगणकावर चालवले. (एक पेशी दुसरीला जिथे संदेश देते त्या जागेला आपण इथे सांधा म्हणू.) त्यासाठी १,४७,४५६ प्रोसेसर लागले. मांजराच्या मेंदूच्या बाह्य थरात असतात त्याहून हे आकडे मोठे होते, म्हणून 'मांजराचा मेंदू संगणकात' अशा बातम्या झळकल्या. २०१२ मध्ये याच गटाने त्याहून मोठी झेप घेतली. ५३ हजार कोटी पेशी, शंभर लाख कोटी सांधे, पंधरा लाखांहून अधिक प्रोसेसर. या वेळी जाळ्याची वीण माकडाच्या कोकोमॅक नकाशावर बेतलेली होती. खऱ्या मेंदूत एका सेकंदात जे घडेल ते घडवायला या यंत्राला १,५४२ सेकंद, म्हणजे जवळजवळ सव्वीस मिनिटे लागत.

या कामाला नावे ठेवण्याआधी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आपण जैविकदृष्ट्या हुबेहूब मेंदू बनवलेला नाही, ही गणकयंत्राच्या नव्या रचनेची चाचणी आहे, असा खुलासा या गटाने स्वतःच केला होता. लाखो प्रोसेसरांमध्ये संदेशांची वाहतूक न तुंबता चालवणे ही अभियांत्रिकीतली मोठी कामगिरी आहे. त्याच वाटेने २०१४ मध्ये दहा लाख कृत्रिम पेशींची आणि अवघ्या ७० मिलिवॅट विजेवर चालणारी चिप तयार झाली. या फळाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण मेंदूविषयीचे ज्ञान म्हणून पाहिले तर हाताला काय लागते? पेशी अगदी सोप्या सूत्राच्या. त्यांच्यातले सांधे नेमके कुठे हे माहीत नाही, म्हणून सरासरी प्रमाण धरून सोंगट्या टाकल्यासारखे जोडलेले. ना डोळा, ना हात, ना भूक. मेंदूच्या अमुक भागाविषयी हे जाळे अमुक एक गोष्ट सांगते, प्रयोगात ती आढळली नाही तर आमचे चुकले, असे एकही विधान त्यातून निघत नाही. पीठ किती किलो आहे हे सांगितल्याने भाकरी थापता येते की नाही ते कळत नाही, तसेच हे.

२००९ च्या त्या दाव्यावर सर्वांत जहाल टीका हेन्री मार्क्रम या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून केली. गंमत अशी की त्याच वर्षी दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकात उभा करण्याची भाषा ते स्वतः एका जाहीर भाषणात करत होते. त्यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये युरोपात 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' सुरू झाला. त्याचा एकूण खर्च सुमारे ६० कोटी युरोंवर गेला. २०१४ मध्येच शेकडो शास्त्रज्ञांनी या प्रकल्पाच्या दिशेवर आणि कारभारावर आक्षेप घेणारे जाहीर पत्र काढले, पुढे त्याचे नेतृत्व बदलले, आणि २०२३ मध्ये तो संपला. मेंदूचे तपशीलवार नकाशे, महासंगणकाची साधने अशा कितीतरी उपयोगी गोष्टी त्यातून निघाल्या. वचन दिलेला मेंदू तेवढा निघाला नाही.

अडखळलेले प्रारूप

आता एका वेगळ्या जातीच्या कामाकडे वळू. जर्मनीतल्या युलिश येथील मॅक्सिमिलियन श्मिट, साशा व्हॅन अल्बाडा, मार्कुस डिसमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये माकडाच्या त्याच ३२ दृष्टिक्षेत्रांचे प्रारूप प्रसिद्ध केले. पेशी फक्त ४१ लाख, सांधे सुमारे २,४०० कोटी. आधीच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही. प्रत्येक क्षेत्रातला एक चौरस मिलिमीटरचा तुकडा घेतला, पण तो थरांसकट घेतला.

यातली पेशी समजायला सोपी आहे. तळाला बारीक भोक असलेले भांडे कल्पा. वरून थेंब पडतात, खालून गळत राहते. थेंब भराभर पडले तर भांडे काठोकाठ भरते, मग ते एकदम रिकामे होऊन दुसऱ्या भांड्यांकडे आवेग पाठवते. अशी ४१ लाख भांडी.

उपलब्ध माहिती जशीच्या तशी घालून चालवले तेव्हा हे प्रारूप धड चालेना. कधी सगळे जवळजवळ निपचित, तर कधी आवेगांचा असा भडका की जिवंत मेंदूत तो कधी दिसणार नाही. या गटाने हे अपयश झाकले नाही. गणिताच्या आधाराने त्यांनी शोधले की कोणत्या मोजक्या जोडण्यांमुळे तोल जातो, आणि मोजमापातल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत राहून त्या थोड्या बदलल्या. मग क्षेत्रा-क्षेत्रांमधल्या जोडण्या पुरेशा बळकट, पण भडका उडणार नाही इतपतच ठेवल्या, तेव्हा विश्रांत अवस्थेतल्या मेंदूत दिसते तशी मंद चढउतार करणारी हालचाल दिसू लागली. ही हालचाल मुख्यतः वरच्या क्षेत्रांकडून खालच्या क्षेत्रांकडे पसरते, असे त्यांना आढळले. प्रयोगाने खोडता येईल असे हे विधान आहे.

याही कामात उणिवा आहेत. न मोजलेल्या जोडण्यांची जागा अंतरावरून काढलेल्या अंदाजांनी भरली आहे. जोडण्यांचे बळ उत्तर जुळेपर्यंत वाढवले आहे, त्यामुळे जे जुळले त्यातले काही श्रेय जुळवणाऱ्याचे. आणि या माकडाला डोळे नाहीत. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर असे की, आजवरचे सर्वांत काळजीपूर्वक बनवलेले हे माकड काहीच करत नाही. ते स्वस्थ बसलेले असते. ते तसे बसलेले आहे हे त्याचे निर्माते मोकळेपणाने सांगतात, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

सगळे कळले म्हणजे समजले का?

उद्या एकूण एक जोडणी मोजून झाली असे धरू. मग तरी मेंदू समजेल का? एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांनी २०१७ मध्ये याची एक मजेशीर परीक्षा घेतली. व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रात असलेली ६५०२ नावाची चिप त्यांनी संगणकात उभी केली. तिच्यातले ३,५१० ट्रान्झिस्टर आणि त्यांची जोडणी सगळी ठाऊक होती. मग मेंदूशास्त्रज्ञ वापरतात त्याच रीती त्यांनी तिला लावल्या. एकेक ट्रान्झिस्टर बंद पाडून कोणता खेळ सुरू होत नाही ते पाहिले. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते बंद केले तर फक्त 'डाँकी काँग' हा एकच खेळ अडे. म्हणून त्यांना 'डाँकी काँगचे ट्रान्झिस्टर' म्हणायचे का? अर्थातच नाही. तो ट्रान्झिस्टर बेरजेच्या वगैरे साध्या कामाचा एक बारीक भाग असणार. माहिती भरपूर होती, रीती नामांकित होत्या, तरी चिप कशी काम करते ते त्यातून उलगडले नाही.

यावर निराश व्हायचे कारण नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ पेशी आहेत. त्यावर फिलिप श्यू आणि सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या गळक्या भांड्यांचेच प्रारूप चालवले आणि एक छोटा प्रश्न विचारला: गोड चव ओळखणाऱ्या पेशी जाग्या केल्या तर सोंड बाहेर काढणाऱ्या पेशीपर्यंत संदेश कोणकोणत्या पेशींमधून जाईल? आलेली उत्तरे त्यांनी खऱ्या माश्यांवर ताडून पाहिली. बहुतेक बरोबर आली. ही माशी निदान सोंड तरी बाहेर काढते!

पण फळमाशीकडून माकडाकडे जाताना पेशींची संख्या पंचेचाळीस हजार पटींहून अधिक वाढते. ती दरी महासंगणक विकत घेऊन भरणारी नाही.

माझी आपली एक कसोटी

संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एक प्रारूप बनवले होते. मेंदूचे नव्हे, पण त्यात जुळवून घ्यायचे आकडे नऊदहा होते. आलेख इतके सुरेख जुळले की मी ते घेऊन धावतच मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, "काय दिसलं असतं तर तू हे टाकून दिलं असतंस?" मला उत्तर देता आले नाही. दोन महिन्यांचे काम त्या एका वाक्याने कोसळले, आणि मी प्रारूप म्हणजे काय ते शिकलो.

तेव्हापासून कोणत्याही प्रारूपाला मी दोन प्रश्न विचारतो. यात काय वगळले आहे? आणि काय दिसले तर हे चूक ठरेल? या कसोटीवर १९९६ ची दीड लाख उतरंडींची मोजणी उतरते, युलिशचे प्रारूप बऱ्याच अंशी उतरते, ५३ हजार कोटी पेशी उतरत नाहीत.

हा प्रश्न केवळ वैज्ञानिकांच्या आपापसातल्या वादाचा नाही. संगणकातल्या मेंदूमुळे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची गरज उरणार नाही, असे वेळोवेळी सांगितले जाते. तसे व्हावे असे मलाही मनापासून वाटते. पण जे प्रारूप कधी चुकूच शकत नाही, ते एकाही माकडाला वाचवू शकत नाही. प्रयोगाच्या जागी प्रारूप ठेवायचे तर त्याचे उत्तर प्रयोगाइतके भरवशाचे हवे, आणि भरवसा फक्त चुकण्याची जोखीम घेऊनच कमावता येतो. तोवर प्राणी खरोखर वाचवते ते कोकोमॅकसारखे सामायिक भांडार. एका प्राण्याच्या जिवाची किंमत देऊन मिळालेली माहिती सर्वांना खुली राहिली, तर तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा करावा लागत नाही.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना हे अनुभवाने कळावे म्हणून एक सोपा उपक्रम. वर्गातल्या प्रत्येकाने, आपण एखादी बातमी सर्वांत आधी कोणाला सांगतो अशा तिघांची नावे चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठ्यांवरून फळ्यावर बाणांचा नकाशा काढा. मग सर्वांना अंदाज लिहायला सांगा: मधल्या सुट्टीत एका ठरावीक मुलाला एक निरुपद्रवी बातमी सांगितली, तर शाळा सुटेपर्यंत ती कोणाकोणापर्यंत पोहोचेल? अंदाज लिहून झाल्यावर कागद गोळा करा, आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी न सांगता प्रयोग करा.

बहुतेक अंदाज चुकतील. का चुकले यावर जी चर्चा होईल तीच खरी गंमत. कोणी गैरहजर होते, कोणाचे भांडण झाले होते, कोणाला बातमी सांगण्याजोगी वाटलीच नाही. नकाशा खरा होता, तरी पुरेसा नव्हता. मग विचारा, आता नकाशात काय घालाल? आणि तो पुन्हा चुकला हे कसे ओळखाल?

त्या मुलीला मी त्या दिवशी इतकेच म्हणालो होतो की ते माकड अजून काही करत नाही. तिने लगेच विचारले, "मग त्याला मेंदू का म्हणायचं?" तास संपल्याची घंटा झाली. तिचा हा दुसरा प्रश्न आपापल्या वर्गात जरूर विचारावा.